न पाठवलेल्या पत्त्यावरून

१

चोरांनी मेहनत केली होती, यात वाद नाही. टेंभुर्णीच्या शिवारातली झुंबरबाईंची शेडनेट एका बाजूनं उभी फाडलेली, आतली मिरचीची झाडं मुळासकट उपटून नेलेली, जाताना ठिबकच्या नळ्या तुडवलेल्या. सकाळी म्हातारी बांधावर डोक्याला हात लावून बसली, तेव्हा गाव गोळा झालं आणि जो तो एकच प्रश्न विचारू लागला. मिरची चोरायची तर पिकलेली तोडून न्यावी, झाडं उपटून कोण नेतं?

उत्तर जालन्याच्या एमआयडीसीत बसलेल्या राधेश्यामभाऊंना ठाऊक होतं. ते सुगरण सीड्सचे मालक. त्यांच्या नव्या संकरित मिरचीचा नर, म्हणजे ज्या झाडाचे परागकण घेऊन बी तयार होतं तो वाण, यंदा टेंभुर्णीत लावला होता. नर हाती लागला की कोणीही तीच मिरची आपल्या नावानं विकू शकतो. नशीब एवढंच, की तो झुंबरबाईंच्या जाळीत नव्हताच. तिथं रोग दिसला म्हणून रोपं ओढ्यापलीकडं दुसऱ्याच्या जाळीत हलवली होती, आणि म्हातारीनं आपल्याकडं बाजारातली साधी मिरची लावली होती. चोर साधी मिरची घेऊन पळाले होते.

पण नर टेंभुर्णीत आहे हेच मुळात बाहेर कळायला नको होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच संघपाल हिवाळेंना फोन गेला.

संघपाल हिवाळे हा माणूस जालन्यातल्या निम्म्या बियाणे कंपन्यांचे आणि दोन-चार रोलिंग मिलचे मेल सर्व्हर सांभाळायचा. पन्नाशी उलटलेली, कंबर धरलेली, आणि ‘सर्व्हर’ हा शब्द ऐकला की छातीत जळजळ सुरू होणारी. सुगरणचा सर्व्हर म्हणजे बियाण्याच्या गोदामाच्या कोपऱ्यातला एक काळा डबा. मोठ्या कंपन्यांची मेलसेवा घ्या, असं संघपाल वर्षानुवर्षं सांगून थकला होता. भाऊंचं उत्तर ठरलेलं. आपलं बियाणं आपल्या घरात, आपलं टपालही आपल्या घरात. मग उंदरांनी तारा कुरतडल्या की संघपालनं दुचाकी काढायची.

“हे पाहा, हिवाळे,” भाऊंनी एक कागद पुढं सरकवला. “मी मेल टाकला पायलला. अन् परत आला कुठून, तर ह्या भलत्याच पत्त्यावरून. म्हणून राह्यला, पेटी भरली. कोणाची पेटी? ह्या माणसाला मी कधी रामरामबी घातला न्हाई.”

“दोन महिन्यांआधीच आल्ता तो,” शेजारी उभी असलेली शालूताई म्हणाली. ती भाऊंची सेक्रेटरी. भाऊंचा प्रत्येक मेल तीच टाइप करायची आणि आलेला प्रत्येक मेल तीच छापून द्यायची, कारण भाऊंना पडद्यावर वाचलेलं खरं वाटत नसे. “इंग्रजीत होता. मला वाटलं जाहिरात आहे, म्हणून कालपर्यंत छापलाच न्हाई.”

संघपालनं कागद वाचला. पत्ता एका फुकटच्या मेलसेवेवरचा होता, नावावरून काही कळू नये असा. त्यानं काळ्या डब्यात शिरून कंपनीची फील्ड ऑफिसर पायल खरात हिची पेटी उघडली. आत एक नियम लिहिलेला होता. येणाऱ्या प्रत्येक मेलची एक नक्कल त्याच पत्त्यावर पाठवावी, मूळ मेल पेटीत तसाच ठेवावा.

“सापडलं?” भाऊंनी विचारलं.

संघपालला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

२

“मला वाटलंच होतं!” भाऊंनी टेबलावर हात आपटला. “शालू, तक्रार टाइप कर. नाव टाक, पायल तातेराव खरात, फील्ड ऑफिसर.”

“भाऊ, घाई करू नका,” संघपाल म्हणाला. “नियम तिच्या पेटीत आहे एवढंच कळलं. तिनंच लिहिला हे कुठं कळलं?”

“तिची पेटी, तिचा पासवर्ड. मंग काय भुतानं लिहिला?”

तेवढ्यात अंगद चहाचे कप घेऊन आत आला. प्लँट मॅनेजर, भाऊंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. हसतमुख, उमदा गडी. कामगारांच्या लग्नाकार्यात पुढं असायचा म्हणून सगळ्यांचा लाडका. “मामा, बीपी वाढवू नका,” तो म्हणाला. “पोरगी चांगली वाटायची. पण आजकाल कोणाचं काय सांगावं?” त्यानं संघपालच्या हातात आपुलकीनं कप दिला.

“एक दिवस द्या,” संघपाल म्हणाला.

भाऊंनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात म्हणाले, “हिवाळे, तुमचीच ना ती? मला कळून राह्यलं. माणसाला वाटतंच आपल्या माणसाचं. पण धंद्यात ते आणू नका.”

संघपालला ते लागलं. इतकी वर्षं याच कार्यालयात तो उंदरांची घाण काढत आला होता. भाऊंच्या मुलीच्या लग्नाची निमंत्रणं त्यानंच रात्र जागून पाठवली होती. आणि आज एका वाक्यात तो सर्व्हरवाला राहिला नाही, ‘त्यांच्यातला’ झाला. राग आला, पण रागापेक्षा थकवा जास्त आला. आता पोरगी निर्दोष आहे असं त्यानं कितीही कंठशोष करून सांगितलं, तरी ते सांगणं त्याच्या आडनावाच्या खात्यावर जाणार होतं. पुरावा असा हवा होता, की जो त्याच्या तोंडून नाही, भाऊंच्याच तोंडून निघेल.

“एक दिवस,” तो पुन्हा म्हणाला. “उद्या सकाळी तुम्ही म्हणाल तसं.”

भाऊंनी मान हलवली. पण संघपाल दाराबाहेर पडायच्या आत त्यांचा फोन सुरू झाला होता. ठाण्यातल्या ओळखीच्या एका साहेबांना ते सांगत होते, आमच्याकडची एक मुलगी आहे, खरात म्हणून.

गोदामात येऊन त्यानं नियमाची तारीख आणि वेळ पाहिली. तो गेल्या खंडेनवमीला लिहिलेला होता. जोडणी कार्यालयातलीच होती, आणि लॅपटॉप पायलचाच होता.

३

पायल कंपनीच्या फाटकाबाहेर टपरीवर बसलेली होती. संघपाल गोदामात असताना भाऊंनी तिला ऑफिसातून घालवून दिलं होतं, आणि आता रखवालदार आत सोडत नव्हता. शेजारी तिचे वडील तातेराव, निवृत्त शिक्षक, हातातली टोपी उगाच घडी घालत होते.

“सर, ऑफिसात सगळ्यांसमोर बोलले मला,” पायल म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र बसला होता. “बाबांना बोलावून घेतलं अन् त्यांच्यासमोर चोर म्हणले. टेंभुर्णीहून शेतकऱ्यांचे फोन येऊन राह्यले, ताई, खरं आहे का म्हणून. उद्या मी कोणाच्या बांधावर पाय ठेवू? मला दुसरी कंपनी तरी घेईल का?”

 संघपालनं कामाचं विचारलं. “खंडेनवमीला तू कुठं होतीस?”

“नागपूरला चाललो होतो न आम्ही, दीक्षाभूमीला,” तातेराव म्हणाले. “दरसाल जातो. पहाटेच्या गाडीनं निघाल्तो. माझ्या पोरीनं त्या दिवशी कंपनीचं तोंड पाह्यलं न्हाई.”

“मंग लॅपटॉप?”

“तो इथंच,” पायल म्हणाली. “पूजेला ठेवावा लागतो सगळ्यांना. भाऊंचा नियमच आहे, बंद यंत्राची पूजा करायची न्हाई. मशीन चालू पाहिजे, वजनकाटा चालू पाहिजे, लॅपटॉप चालू पाहिजे. पासवर्ड काढून, उघडून ठेवायचे हॉलमधल्या टेबलावर. आदल्या संध्याकाळी मी ठेवून गेल्ते.”

संघपालनं कपाळाला हात लावला. हा नियम त्याला माहीत होता. रोलिंग मिलमध्येसुद्धा त्या दिवशी रोलर फिरते ठेवूनच नारळ फोडतात. पण पासवर्ड काढलेले लॅपटॉप हार घालून दिवसभर उघडे मांडून ठेवतात, याचा विचार सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसानं इतक्या वर्षांत कधी केला नव्हता. आपण कुलपं विकायची आणि गिऱ्हाइकानं वर्षातून एकदा दार काढून त्याला फुलं वाहायची, तशातली गत.

“परत आल्यावर काही वेगळं वाटलं?”

“वेगळं काय? कुंकू भरलं होतं कीबोर्डात. दरसाल झाकणाला बोट लावतात, यंदा बटणांवरच. ब्रशनं काढता काढता हात दुखले. ग्रुपवर फोटोबी टाकला होता मी चिडवायला.” तिनं फोनवर मागं मागं जाऊन तो फोटो काढला. खाली तिनं लिहिलं होतं, ‘पूजा केली का टायपिंग केलं?’ त्याखाली सगळ्यांच्या हसण्याच्या खुणा होत्या, आणि भाऊंचा अंगठा.

“मला पाठव,” संघपाल म्हणाला. मग त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि चहा तसाच ठेवून उठला.

“काय झालं, सर?”

“टेंभुर्णीला जाऊन येतो,” तो म्हणाला. “आधी मला दुसरंच एक पक्कं करायचंय.”

४

टेंभुर्णीपर्यंत दुचाकीनं जाणं हा त्याच्या कमरेवर अन्याय होता. पण फोनवर माणसं बांधावर उभी राहून बोलल्यासारखं बोलत नाहीत.

झुंबरबाई फाटक्या जाळीपाशीच बसल्या होत्या. त्यांचा मुलगा बद्रीनाथ जाळी शिवत होता.

“लेकरावानी वाढवली होती मिरची,” म्हातारी म्हणाली. “कंपनीचा साहेब आल्ता काल. म्हणला, बरं झालं, आपला नर वाचला. अरे, तुझा नर वाचला, माझी मिरची गेली, तिचं कोण बोलंल?” तिनं पदरानं डोळे पुसले. संघपालला स्वतःची लाज वाटली. सकाळपासून तोही नराचाच विचार करत होता.

“कंपनीची रोपं इथून कोणी हलवली, आजी?”

“पायलनं. दुसरं कोण येतंय उन्हात? एकेक रोप मातीसकट काढून, टोपल्यात ठेवून ओढ्यापलीकडं नेलं तिनं. म्या म्हणलं, पोरी, हात भाजतील. आता लोक म्हणून राह्यले तिनंच चोर धाडले. काहून धाडील ती? अन् धाडले तर हितं काहून धाडील?”

सर्व्हरवाल्यानं सकाळी जे मनात जुळवलं होतं, ते म्हातारीनं एका दमात बोलून टाकलं. चोर पाठवायचेच होते तर पायलला फॉरवर्डिंगची गरजच काय? तोंडानं सांगितलं असतं, आणि बरोबर जाळी सांगितली असती.

“कोणी परका माणूस विचारत आल्ता का आधी?”

बद्रीनाथनं दाभण थांबवलं. “आल्ता न. टेम्पोवाला. पाराखाली विचारून राह्यला, झुंबरबाईची जाळी कोणती? कोणाला सांगताच येईना. गावात ह्या जाळीला बद्रीची जाळी म्हणतात. सातबारा आईच्या नावावर, म्हणून कंपनीच्या कागदावर तिचं नाव. गावातल्या माणसाला कशाला माहीत असंल?”

म्हणजे चोराकडं गावची माहिती नव्हती, कंपनीच्या मेलमधलं नाव होतं. आणि तेही जुनं. जाळी बदलायला सांगणारा भाऊंचा मेल हाच तो, जो परत आला होता. पायलला खेड्याखेड्यांतून झाडांचे जड फोटो यायचे, त्या सगळ्यांच्या नकला जाऊन जाऊन चोराची पेटी तुडुंब भरली होती. त्यामुळं नेमका दुरुस्तीचा मेल त्याला पोचलाच नाही.

संघपाल बांधावर बसला आणि त्यानं मनाशी एकेक माणूस काढून टाकला. दुरुस्ती पायलला माहीत होती. भाऊंना माहीत होती. शालूताईनं तर ती टाइप केली होती. यांतल्या कोणीही चोर पाठवले असते तर ते ओढा ओलांडून गेले असते.

नराची किंमत कळणारा, पण दुरुस्ती न कळलेला असा कंपनीतला माणूस उरला एकच. आणि त्यानं सकाळी चहा आणून दिला होता.

५

पण उरला म्हणजे सापडला नव्हे. भाऊ म्हणाले असते, मग बाहेरचा कोणी असंल. संध्याकाळी शालूताई घरी जायला निघाली, तेव्हा संघपालनं तिला बसथांब्यावर गाठलं.

“ताई, खंडेनवमीच्या पूजेला यंदा कोण बसलं होतं?”

“दरसाल भाऊ बसतात. यंदा त्यांना सुतक होतं न, चुलते गेल्ते. ते बाहेर पायरीवर उभे राह्यले, आत पाऊलबी टाकलं न्हाई. मंग अंगददादा बसले. ते बहिणीचे, त्यांना सुतक न्हाई.”

“हळदकुंकू कोणी लावलं?”

“पूजेला बसतो तोच लावतो. बाकीच्यांनी फुलं अक्षता वाहायच्या, बस. भाऊ त्या बाबतीत लई कडक.”

“अन् आरती चालू असताना लॅपटॉपचे पडदे विझत न्हाईत?”

शालूताई हसली. “विझतात न! म्हणून तर दरसाल एकाला उभं करतात टेबलामागं. विझला की बोट लावायचं. यंदा दादाच होते, पूजा आटपून तेच गेले टेबलामागं. आम्ही सगळे तसबिरीकडं तोंड करून. त्यांचं बिचाऱ्यांचं आरतीत लक्षच न्हाई, या टोकापासून त्या टोकापर्यंत...”

बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. तिनं संघपालकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. बस आली, तरी ती जागची हलली नाही.

“हिवाळे साहेब,” ती हळूच म्हणाली, “तक्रार मी टाइप केली हो त्या पोरीची.”

“उद्या हॉलमध्ये या,” संघपाल म्हणाला. “मी विचारीन तेवढंच सांगा. जास्त नको, कमी नको.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधल्या त्याच लांब टेबलाभोवती पाचजण बसले. भाऊंनी टाइप केलेली तक्रार पुढ्यात ठेवली होती. पायल टेबलाच्या कडेला, अंगद मामांच्या उजव्या हाताला.

“भाऊ,” संघपालनं सुरुवात केली, “मी काही सांगत न्हाई. तुम्हालाच विचारतो. तुमच्याकडं पूजेत कुंकवाला किती जण हात लावतात?”

“हे काय मधीच?”

“सांगा तर.”

“एकच. बसलेला. दुसऱ्यानं हात लावला तर मी खपवून घेत न्हाई.”

“यंदा कोण?”

“अंगद. मला सुतक होतं.”

संघपालनं फोनवरचा फोटो भाऊंसमोर धरला. “हा पायलचा कीबोर्ड. दसऱ्यानंतर तिनं ग्रुपवर टाकलेला. तुम्हीपण पाह्यला, खाली तुमचा अंगठा आहे. सगळ्या बटणांवर कुंकू असतं तर म्हणता आलं असतं, सांडलं असंल. पण न्हाई. काहींवर आहे, काहींवर बिलकुल न्हाई.” त्यानं परत आलेल्या मेलचा कागद शेजारी ठेवला. “आता या पत्त्यातलं एकेक अक्षर घ्या अन् फोटोत बघा.”

भाऊंनी चष्मा चढवला. त्यांचं बोट कागदावरून फोटोवर आणि फोटोवरून कागदावर जाऊ लागलं. सुरुवातीला ते ओठ हलवत होते, मग ओठ थांबले. पत्त्यातलं प्रत्येक अक्षर लाल होतं. एंटरचं बटण सगळ्यांत लाल होतं. उरलेली बहुतेक स्वच्छ होती.

“मामा, काहीतरीच काय,” अंगद हसला. पण त्या हसण्यात नेहमीचा अंगद नव्हता. “कुंकू लावताना लागलं असंल. मी काय एकट्या हिच्याच लॅपटॉपला लावलं?”

“सगळ्यांना लावलं. पण बाकीच्यांच्या झाकणाला,” संघपाल म्हणाला. “शालूताई, आरतीच्या वेळी टेबलामागं कोण होतं?”

“अंगददादा.” शालूताईनं मान वर केली नाही. “पडदे विझू नयेत म्हणून.”

“नियम त्याच वेळी लिहिला गेलाय, इथूनच, ह्या हॉलमधून. पायल तेव्हा वडलांसोबत नागपूरच्या गाडीत होती. भाऊ, तो माणूस सगळ्यांसमोर उभा होता. लॅपटॉपला हात लावणं हेच त्याचं काम होतं, म्हणून कोणी पाह्यलं न्हाई. अन् जाळी बदलल्याचं तुम्हाला माहीत, ताईला माहीत, पायलला माहीत. प्लँटला नर कुठं आहे ते तुम्ही कधीच कळू देत न्हाई. म्हणून चोर जुन्या मेलवर गेले अन् म्हातारीची मिरची उपटून आले.”

“पण पायलच्याच पेटीत का?” भाऊंचा आवाज खोल गेला होता.

“प्लॉटचे मेल तिलाच येतात. अन् दुसरं कारण तुम्हीच काल दाखवलं.” संघपालनं तक्रारीच्या कागदावरच्या नावावर बोट ठेवलं. “उघडकीला आलं, तर तिच्याबद्दल कोणी दुसऱ्यांदा विचार करणार न्हाई, हे त्याला माहीत होतं.”

 अंगदचा बांध फुटला.

“आठ वर्षं!” तो ओरडला. “आठ वर्षं प्लँट चालवून राह्यलो मी, अन् नर कोणता, मादी कोणती, मला सांगायचं न्हाई. नोकराला माहीत, भाच्याला न्हाई. समोरच्या पार्टीनं भागीदारी देतो म्हणलं. मंग काय करायचं होतं मी, मामा? तुमच्या मशीनला जन्मभर कुंकू लावत बसायचं होतं?”

७

भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते अचानक म्हातारे दिसू लागले. संघपालला क्षणभर त्यांची दयाही आली. ती फार टिकली नाही.

“झालं ते झालं,” भाऊ म्हणाले. “घरातली गोष्ट आहे, घरातच राहू द्या. पोरगा चुकला, बहिणीला मी काय तोंड दाखवू? अंगद, तू उद्यापासून येऊ नको. पायल, तू कामावर ये. पगाराचंबी बघू आपण. अन् हिवाळे, ते नियमाचं अन् जोडणीचं जे काही डब्यात आहे, ते पुसून टाका आजच. फोटोबी काढून टाका.”

“भाऊ, अन् माझं नाव?” पायल म्हणाली.

“अगं, तू निर्दोष आहेस म्हणलं न मी.”

“इथं म्हणलं. चोर म्हणताना अख्खं ऑफिस होतं, माझे बाबा होते. टेंभुर्णीपर्यंत गेलं, ठाण्यात साहेबांच्या कानावर गेलं. निर्दोष म्हणताना दार लावून म्हणून राह्यले.”

“लोक विसरतात, पोरी.”

“माझं न्हाई विसरत कोणी.” ती हे रागानं बोलली नाही. रोजचं काम सांगावं तसं बोलली, आणि म्हणूनच शालूताईला रडू फुटलं.

भाऊंनी तिच्याकडं न बघता संघपालकडं पाहिलं. “हिवाळे, पुसताय न?”

संघपालनं खिशातून पेन काढलं. पुढ्यातल्या कोऱ्या कागदावर सर्व्हरचा पासवर्ड लिहिला आणि तो भाऊंपुढं सरकवला. “सर्व्हर तुमचा आहे, भाऊ. पुसायचं तर तुम्ही पुसा. माझ्या हातानं होणार न्हाई. जे आहे त्याची एक प्रत माझ्याकडं आहे, कोणी विचारलं तर देईन. आजपासून दुसरा माणूस बघा.” इतक्या वर्षांचं काम एका वाक्यात सुटलं. पुढच्या महिन्याची काळजी त्याच वेळी समोर उभी राहिली, पण छातीतली जळजळ मात्र थांबली होती.

पायलनं टेबलावरची तक्रार उचलली आणि वाचली. “ताई,” ती शालूताईला म्हणाली, “हे सगळं बराबर आहे. एक नावच तेवढं बदलायचंय.”

शालूताईनं भाऊंकडं पाहिलं. भाऊ टेबलावरच्या चष्म्याकडं पाहत होते. ती डोळे पुसत उठली, आपल्या टेबलाशी गेली आणि टाइप करू लागली.

“मी सही करणार न्हाई,” भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले. “माझं काही चोरीला गेलं न्हाई.”

“तुमचं न्हाईच गेलं,” पायल म्हणाली. “ज्यांचं गेलं, त्या करतील.”

दुपारी चौघं तालुक्याच्या ठाण्यात बसले होते. झुंबरबाई, बद्रीनाथ, पायल आणि संघपाल. म्हातारीनं एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. नातवानं शिकवलेली सही होती ती, आणि ती अंगठा द्यायला ठाम नकार देत होती. ठाणेदारानं कागद वाचला, संघपालनं दिलेल्या प्रती चाळल्या, आणि साक्षीदारांच्या रकान्यापाशी त्यानं पेन थांबवलं.

“पायल तातेराव खरात,” तो म्हणाला. त्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “हे नाव ऐकल्यासारखं वाटून राह्यलं.”

“ऐकलंच असंल, साहेब,” पायल म्हणाली आणि खुर्ची पुढं ओढून बसली. “आता बाकीचं ऐका.”